सोलरला लागलेली नजर

वेचून झालेल्या कपाशीची पऱ्हाटी उपटायची म्हणजे कमरेतून वाकावं लागतं, मुळाशी हात घालावा लागतो आणि ध्यान जमिनीकडं ठेवावं लागतं. मनकर्णाबाईचं ध्यान जमीन सोडून बाकी सगळीकडं होतं. एक पऱ्हाटी उपटली की ती उभी राही, पदरानं तोंड पुसे आणि बांधाच्या, धुऱ्याच्या पल्याड पाही. पल्याड तिच्या दिराचं वावर. त्या वावरात विहिरीच्या काठाला लोखंडी मांडवावर सोलरच्या निळ्या प्लेटा उन्हात चमकत होत्या.

"पाह्य कशा पसरून बसल्या," मनकर्णा म्हणाली. "जशा काई यायच्या बापाचं वावर आहे!"

"कोन वो?" जहाँआरानं विचारलं. तिचं वावर खालच्या अंगाला होतं. दोघी पाळीपाळीनं एकमेकींच्या कामाला जात आणि काम कमी, बोलणं जास्त करत.

"प्लेटा. दुसरं कोन!"

"मनकर्णा, पऱ्हाटी तुह्या पायाजोळ आहे. ते तिकळे नाई उगवली."

आता खरं सांगायचं तर मनकर्णा वाईट बाई नव्हती. कुणाच्या बाळंतपणात रात्र काढायला ती पहिली, कुणाच्या घरी माती झाली तर भाकरीचं टोपलं तिचंच आधी पोचायचं. पण धाकट्या जावेचं काही चांगलं झालं की तिच्या पोटात कळ उठे. दुःखात धावणाऱ्या बाया पुष्कळ असतात. दुसऱ्याच्या सुखात उभं राहणं, तिथं खरी कंबर मोडते.

त्या साली कपाशी बोंडअळीनं खाल्ली. बोंड फोडावं तर आत कापूस कमी आणि गुलाबी अळ्या जास्त. सगळ्या गावाचा जीव हरभऱ्यावर टांगलेला होता. हरभऱ्याला पाणी पाहिजे आणि पाणी विहिरीत होतं. दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा वावर वाटलं गेलं, विहीर सामाईक राहिली. पण मोटर चालायला लाईन पाहिजे, आणि ती यायची रात्रीची. मनकर्णाचा नवरा खुशालराव गमबूट घालून, बॅटरी घेऊन, साऱ्या देवांना आणि लाईनवाल्यांना शिव्या देत वावरात जायचा आणि सकाळी चिखलानं भरून परत यायचा. त्याच विहिरीवर धाकटा नितेश दिवसाउजेडी, आंघोळ करून, कपाळाला बुक्का लावून जायचा, बटन दाबायचा आणि निंबाखाली चहा पीत बसायचा.

हे सगळं घडवलं होतं त्याच्या बायकोनं. प्रणाली अकोल्याची, जठारपेठेत वाढलेली. लग्न होऊन आली तेव्हा तिला कापूस वेचता येत नव्हता, म्हणून मनकर्णा निवांत होती. पण पोरगी मोबाईलात डोकं घालून बसायची आणि काहीतरी काढायची. एकदा शेणखताला गांडुळं काढली. एकदा परसात गोबरगॅसचा खड्डा खणायला लावला आणि त्यावर खरंच चहा केला. मग सोलर पंपाची योजना काढली, प्लेटा कशा घ्याव्या, कुठल्या अंगाला तोंड करावं हे पाहिलं, घरबसल्या अर्ज भरला. दिवाळीला प्लेटा आल्या. चांदूर रेल्वेपासून माणसं पाहायला आली. प्रणाली सगळ्यांना एकच सांगायची, "नेटवर सगळंच असते जी. पाहणारा पायजे."

तेही मनकर्णानं गिळलं असतं. पण एक दिवस खुशालराव पायाचा चिखल धुता धुता म्हणाला, "शिकावं तं प्रणालीसारखं. माणसाचं जिणं सोपं केलं पोरीनं."

पंचवीस वर्षांच्या संसारात या माणसानं बायकोच्या भाजीला कधी बरी म्हटलं नव्हतं. मनकर्णानं त्या दिवशी त्याच्या ताटात भाकर ठेवली नाही, फेकली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं नवऱ्याचा मोबाईल धरला. सातवी शिकलेली बाई, वाचता येत होतं, पण बोटानं अक्षरं दाबायचा कंटाळा. बोललं तरी चालतं हे तिला माहीत होतं. दुपारी भाकर खाऊन झाली की धुऱ्यावरच्या बोरीखाली बसायची, मोबाईल तोंडाजवळ धरायची आणि दटावून विचारायची, "सोलरनं काय नुकसान होते?"

जहाँआरा हसून हसून लोळायची. "अवं, लोक फायदा इचारतेत!"

"फायदा तं ते रोज सांगते. मले नुकसान पायजे."

मोबाईलला काय, तो बिचारा विचारलं ते दाखवतो. त्यानं प्लेटांवर धूळ बसल्यावर काय होतं ते दाखवलं, माकडं कशी नाचतात ते दाखवलं, वायर कशी जळते ते दाखवलं. मनकर्णा मन लावून पाही. कुठं एखादी प्लेट फुटलेली दिसली की तिला भाकर गोड लागे. पण मोबाईलचंही एक खोडसाळपण असतं. तुम्ही सोलर सोलर केलं की तो सोलरच आणून ओततो. हळूहळू सूर्यचुली आल्या, पवनचक्क्या आल्या, घरच्या घरी कडुनिंबाचं औषध आलं, पंप सुरू ठेवायच्या युक्त्या आल्या. जळता जळता बाई शिकत गेली आणि तिला स्वतःलाही पत्ता लागला नाही.

अशात संक्रांत आली. मनकर्णानं आपल्या हळदीकुंकवाला वाण म्हणून चहाच्या गाळण्या वाटल्या, चांदूरच्या बाजारातून आणलेल्या, प्लास्टिकच्या. बायांनी घेतल्या. दोन दिवसांनी प्रणालीकडं हळदीकुंकू झालं आणि तिनं प्रत्येकीच्या हातात उन्हावर चालणारा छोटा दिवा ठेवला. मोबाईलवरून मागवलेला. बाया खोलीची दारं लावून, पदराखाली धरून पाहू लागल्या. "पेटला व माय! पेटला!" गोदाबाई तर नाचायचीच बाकी होती. तिच्या सुनेला नुकताच मुलगा झाला होता. "माह्या नातवाच्या पाळण्यावर लावतो," म्हणाली.

मनकर्णाच्या हातातही तो दिवा होता आणि तो सगळ्यात जास्त पेटला होता. तिच्या तोंडून निघून गेलं, "जे लय चमकते ते लय दिवस टिकत नाई बाई. दिवा असो का प्लेटा."

बोलणं तिळगुळावर पडलेल्या मिठासारखं झालं. प्रणालीचा चेहरा उतरला.

त्या संध्याकाळी प्रणालीनं माहेरी फोन लावला. तिची आई म्हणाली, नजर लागली समज, आधी काहीतरी बांध. प्रणालीला नजरबिजर खरं वाटत नव्हतं. पण आई बोलली की मुलीचं शिक्षण घराबाहेर जाऊन उभं राहतं. सकाळी नितेशनं एक मोठं मडकं काजळीनं काळं केलं, त्यावर चुन्यानं डोळे काढले, दात काढले, उंच बांबूवर उपडं घातलं. आडव्या काठीला फाटकी चप्पल, बिब्बे आणि एक जुनं काळं घोंगडं अडकवलं. नजर मनकर्णाच्या वावरातून येणार, मनकर्णाचं वावर दक्षिणेला, म्हणून बांबू प्लेटांच्या दक्षिणेलाच रोवला, अगदी पुढ्यात.

त्याच दिवशी पंपाची धार बारीक झाली.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली म्हणतात, तसं झालं. दुपारी पाट भरून वाहायचा तिथं करंगळीएवढं पाणी. नितेश घाबरला. म्हणाला, नजर जबर आहे. त्यानं दुसरं मडकं आणलं, पहिल्याहून मोठं. धार आणखी बसली. मग प्रणालीच्या आईनं सांगितलं म्हणून काळं लुगडं बांधलं, बांबूला बांबू जोडला. जसजशी धार बारीक होई तसतसं बुजगावणं मोठं होई. कंपनीच्या माणसाला फोन केला तर तो म्हणे पुढच्या आठवड्यात येतो, आणि त्याचा पुढचा आठवडा काही उजाडेना. लाईनवरच्या जुन्या मोटरची जोडणी नितेशनं सोलर आल्यावर सोडून दिली होती. हरभरा फुलावरून घाट्यावर आलेला. आता पाणी नाही मिळालं तर घाटे दाण्यावाचून पोचट जाणार.

मनकर्णाला कळलं तेव्हा, लपवायचं कशाला, तिच्या मनात लाडू फुटले. तिनं त्या दिवशी भरताला तेल सढळ हातानं घातलं. पण लाडूची चव फार टिकली नाही. रथसप्तमीपर्यंत गावात घरोघरी हळदीकुंकू चालू होतं आणि मनकर्णाच्या दारी बोलावणं येणं बंद झालं. तिला वाटलं, विसरल्या असतील. ती आपणच गोदाबाईकडं गेली, तर ओसरीवर गोदाबाई नातवाला पायावर घेऊन तेल लावत होती. मनकर्णाला पाहताच तिनं लेकराच्या तोंडावर पदर ओढला.

"थंडी आहे," गोदाबाई म्हणाली.

अंगणात ऊन पसरलं होतं. लेकरू उघडं होतं, फक्त तोंड झाकलेलं.

याच लेकराची नाळ मनकर्णासमोर कापली गेली होती. ती पाणीही न पिता परत फिरली. घरी येऊन चुलीपुढं बसली, आणि सगळ्यात वाईट काय वाटलं ठाऊक आहे? चोराच्या मनात चांदणं. तिला वाटलं, खरंच माझीच लागली असेल तर? मी रोज पाहत होते. मी रोज मनात म्हणत होते, फुटो, फुटो.

दुसऱ्या दिवशी दुपारी बोरीखाली तिनं मोबाईल काढला. या वेळी दटावून नाही, हळूच विचारलं, "सोलरचा पंप कावून बसते?"

मोबाईलवर एक हिंदी बोलणारा माणूस आला. त्यानं प्लेटांच्या एका रांगेला मीटर लावलं आणि एका प्लेटीवर नुसतं पोतं टाकलं. मीटरचा काटा धपकन खाली. एका प्लेटीवर सावली पडली तरी सगळ्या रांगेचं बळ जातं, तो म्हणाला. झाडाची सावली नको, खांबाची नको.

मनकर्णानं मोबाईल खाली केला आणि धुऱ्यापल्याड पाहिलं. दोन मडकी, घोंगडं, लुगडं. त्यांची लांब काळी सावली प्लेटांवर आडवी पडलेली.

"अल्ला!" जहाँआरा म्हणाली. "त्या मडक्यानंच घात केला. ऊठ, सांग जाऊन."

मनकर्णा उठली नाही.

"ऊठ ना वो!"

"कावून उठू? तिनं माह्या नावाचं मडकं गावभर मिरवलं. सुकू दे हरभरा. मंग समजन नेटवर काय काय असते तं."

"आन् तुहं नाव?"

इथंच तर मेख होती. सांगावं तर प्रणालीचा पाट पुन्हा भरून वाहणार, पुन्हा चांदूरपासून माणसं येणार, पुन्हा खुशालराव चिखल धुता धुता तिचे गुण गाणार. न सांगावं तर हरभरा वाळणार आणि मनकर्णा जन्मभर नजरेची बाई म्हणून राहणार. लेकरांची तोंडं झाकली जाणार, नवरीच्या मांडवातून तिला मागं सारलं जाणार. स्वतःचं नाव धुवायचं तर धाकट्या जावेच्या वावरात पाणी सोडावं लागणार होतं. देवानं अशी गाठ मारली होती की दातानंही सुटेना.

"तू काय करतं माह्या जागी?" तिनं जहाँआराला विचारलं.

"म्या? म्या चार शिव्या देतो आन् सांगून देतो. शिवी बी गेली, काम बी झालं."

मनकर्णानं हातातलं गवत फेकलं, पदर खोचला आणि धुरा ओलांडला.

नितेश विहिरीवर डोकं धरून बसला होता. प्रणाली हरभऱ्याचे घाटे दाबून पाहत होती. मनकर्णा येताना दिसली तसा नितेश उभा राहिला. "वयनी, तथीच थांब. इकळे येऊ नोको."

"थांबाले नाई आली. ते मडकं काढ."

"काय?"

"मडकं काढ म्हणतो. सावली पडून राहिली प्लेटांवर. त्याच्यानं पंप बसला."

नितेश हसला, पण ते हसणं बरं नव्हतं. "पाह्य वो प्रणाली. मडकं काढ म्हणते. म्हणजे मडक्यानंच नजर अडवली होती तं! नाईतं प्लेटाच फुटल्या असत्या."

ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं. मनकर्णाच्या टाळूला आग लागली. "अरे बयताडा, तुह्या बापाच्या तेरवीले भाकरी म्या थापल्या, तुह्या लग्नात हळद म्या लावली, आन् तुले माही नजर दिसते? हे मोबाईल पाह्य!"

"मोबाईल आमच्या घरीही आहे, बाई," प्रणाली म्हणाली. आवाज बारीक होता, पण टोचायचं तिथं टोचला. "तुमी तं सोलरचं नुकसानच पाहता म्हणे. सगळ्या गावाले माहीत आहे."

मनकर्णाचा मोबाईल धरलेला हात खाली आला. कारण हे खरं होतं.

एव्हाना आरडाओरडा ऐकून बाजूच्या वावरांतून माणसं धुऱ्यावर जमली होती. गोदाबाईही होती. सगळे पाहत होते की नजरेची बाई विहिरीवर गेली, आता काय करते. मनकर्णानं त्यांच्याकडं पाहिलं, प्रणालीकडं पाहिलं.

"हो, पाहतो!" ती ओरडली. "जळतो म्या! रोज जळतो! तुह्या प्लेटा पाहून माहा जीव जळते, तुहा नवरा चहा पेते तं माहा जीव जळते! लपून नाई सांगत, सगळ्याइच्या समोर सांगतो! पण जळून पंप बसत नाई, समजलं? जळून पंप बसला असता तं ह्या तालुक्यात एक बी चालला नसता!"

आणि ती धावली. नितेश आडवा येईपर्यंत तिनं बांबूला मिठी मारली होती. उभा जन्म पऱ्हाट्या उपटलेले हात ते. तिनं बांबू मुळापासून हलवला, एकदा, दुसऱ्यांदा, आणि मडक्यांसकट, घोंगड्यासकट, सगळं धाडकन हरभऱ्यात आडवं पडलं. खापऱ्या उडाल्या. नितेश तिचा दंड धरून खेचू लागला, जहाँआरा नितेशला खेचू लागली, धुऱ्यावरची माणसं ओरडू लागली.

त्या गलक्यात प्रणाली एकटी वळून पाहत होती. पाइपाच्या तोंडातून आधी खरखर आली, मग थुंकल्यासारखं थोडं पाणी, आणि मग मनगटाएवढी धार पाटात कोसळली. आवाज ऐकून एकेक जण पाटाकडं वळला. नितेशनं वहिनीचा दंड सोडला. भर दुपारचं ऊन होतं आणि पाट भरून चालला होता.

मनकर्णा धापा टाकत म्हणाली, "पाह्यलं?"

सगळ्यांनी पाहिलं. गोदाबाईनं हात जोडले. "घेतली व माय, घेतली! मनकर्णानं नजर माघारी घेतली!"

"अवं, नजर नाई, सावली!" मनकर्णा किंचाळली.

पण कोण ऐकतं? तिन्हीसांजेपर्यंत गावभर झालं की मनकर्णाबाईची नजर लागतेही आणि निघतेही. तिनं बांबूला मिठी मारली, डोळे मिटले, आणि पंप सुरू झाला. खुशालरावनंसुद्धा जेवताना जरा दबकून विचारलं, "काही मंतर म्हटला होता काय वो तू?" तिनं त्याला मोबाईल दाखवला. त्यानं पाहिला, मान हलवली, आणि ताटातली भाजी चांगली झाली म्हणाला.

प्रणाली तेवढी समजली होती. तिनं तोच व्हिडिओ शोधून पाहिला आणि लाजून येऊन गेली. "चुकलं माहं, बाई," एवढंच म्हणाली. मनकर्णाही "हूं" एवढंच म्हणाली.

आठवडा झाला नसेल तोच रिद्धपूरकडचा एक शेतकरी मोटरसायकलवर आला. जानराव त्याचं नाव. हातात नारळ, कपाळाला घाम. थेट मनकर्णाच्या अंगणात येऊन बसला. "बाई, माहाही सोलर बसला. नजर काढून द्या."

"म्या तुमचं गाव पाह्यलं नाई, नजर कुठून लावू?"

"तुमची नाई जी, दुसऱ्याची लागली असन. पण तुमाले काढता येते म्हणतेत."

मनकर्णानं कपाळावर हात मारून घेतला. "प्लेटांजोळ झाड आहे?"

"बाभूळ आहे."

"फांद्या छाटा. प्लेटा पुसा ओल्या फडक्यानं. होते."

"छाटतो. पण नारळ आधी घ्या, मंग छाटतो."

घेतला. काय करते बिचारी? गावातली दोन-चार माणसंही गोळा झाली होती. ज्यांनी लेकरांची तोंडं झाकली तीच आता तिच्या ओट्यावर अदबीनं बसली होती. मनकर्णाला ती इज्जत खोटी वाटत होती आणि गोडही लागत होती. तेवढ्यात तिची नजर पलीकडं गेली. शेजारच्या ओट्यावर प्रणाली उभी होती, सूप हातात, गहू न पाखडता. योजना तिनं शोधली, अर्ज तिनं भरला, प्लेटा तिनं आणल्या, आणि नारळ मनकर्णाला. पोरीच्या डोळ्यांत जे होतं ते मनकर्णानं लगेच ओळखलं. सबंध हिवाळा तिनं तेच सोसलं होतं. तिला क्षणभर असं थंड वाटलं की काय सांगू. जळू दे थोडी, तिनं मनात म्हटलं.

पण पोरीचा चेहरा अगदीच उतरला होता, आणि मनकर्णाला त्या दुखण्याचं औषध माहीत होतं. ती जानरावला मोठ्यानं म्हणाली, "पाहा भाऊ, म्या काही मांत्रिक नाई. सोलरचं खरं ग्यान माह्या जावेले आहे. मोबाईलवर सगळं शोधून तिनंच आणलं. योजना, अर्ज, काय इचारायचं ते तिले इचारा."

प्रणालीचं तोंड असं उजळलं की बस. जानराव उठून तिच्या ओट्यावर गेला. बाकीचेही गेले. प्रणालीनं सूप खाली ठेवलं, मोबाईल काढला, आणि बोट फिरवत सांगू लागली, "नेटवर सगळंच असते जी, पाहणारा पायजे." माणसं माना डोलवू लागली. कुणीतरी म्हणालं, "शिकावं तं असं."

मनकर्णाच्या ओट्यावर नारळ आणि ती, दोघंच उरली. ती पाहत राहिली. पाहता पाहता पोटात ती ओळखीची कळ उठली, जशीच्या तशी.

"आली व माय परत," ती स्वतःशी पुटपुटली.

मग तिनं चुलीत लाकूड सरकवलं, वर आधण ठेवलं आणि दारात येऊन, अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी हाक मारली, "जानराव भाऊ! पाव्हणे माह्याकळे आले होते! चहा माह्याच घरचा प्यावा लागन!"